बिनपंख्याचा क्लास

गेल्या महिन्यात आमच्या अकोल्याच्या ऑफिसातली मागची खोली रिकामी करायचं ठरलं आणि भंगाराची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोडक्या खुर्च्या, फुटके मॉनिटर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. त्यात एक काळा डबा निघाला, जेवणाच्या डब्याएवढा. शिपायाने तो उचलून कानाशी हलवून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे काय होय? इंटरनेटचा डबा लिहू काय?" मी म्हटलं, हा पूर्ण कॉम्प्युटर आहे. त्याला ते पटलं नाही. त्याने यादीत 'डबा, नग एक' असं लिहिलं. मी ते खोडलं नाही. मोहोड सरही असल्या कॉम्प्युटरला डबाच म्हणत.

अचलपूरला बियाण्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, मोहोड सरांचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथे शिकले. आधी त्यांच्याकडे लोखंडी टाईपरायटर होते. मग सरकारने परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायची ठरवली आणि गावोगावच्या टायपिंगवाल्यांची धांदल उडाली. बाकीच्यांनी मोठमोठे सेकंडहँड कॉम्प्युटर आणून मांडले. पण ते दिवस लोडशेडिंगचे. सकाळी लाईन जायची ती दुपारी यायची, पुन्हा संध्याकाळी जायची. इन्व्हर्टरवर असले दोन कॉम्प्युटर चालू केले की तिसऱ्याला तो ओरडायला लागायचा. लाईन गेली की क्लासवाले शटर अर्धं ओढून पायरीवर बसत.

सर मात्र तीन दिवस अमरावतीच्या दुकानांतून हिंडले. प्रत्येक दुकानात त्यांचा प्रश्न एकच, "हा वीज किती खाते?" असा प्रश्न घेऊन येणारं गिऱ्हाईक दुकानदारांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी एकाने आतून असलाच डबा काढून दाखवला. याच्यातला प्रोसेसर छोट्या मशिनींसाठीच केलेला, स्वस्तातला आणि विजेला अगदी कमी. गरम फार होत नाही म्हणून त्याच्यावर पंखासुद्धा नाही. दुकानदार सरळ माणूस होता. तो म्हणाला, "सर, हा लई स्लो हाय. गेम चालत नाही. पिक्चर लावला तर अडकत अडकत चालते. कंपनीनं बी आता पुढचा काढला." सर म्हणाले, "मले कुठं पिक्चर पाहाचा हाय बापा? माह्या पोरीयले परीक्षा पास कराची हाय." आणि बारा डबे घेऊन ते एसटीने परत आले. दोन मांडीवर, बाकीचे टपावर, चादरीत बांधून.

त्यानंतर अचलपुरात लाईन गेली की पिठाची गिरणी थांबायची, झेरॉक्सचं दुकान थांबायचं, रसवंतीवाला हाताने चाक फिरवायला लागायचा, आणि वरून आमच्या बारा कीबोर्डांचा आवाज येत राहायचा. एका इन्व्हर्टरवर बाराच्या बारा. खालचा बियाण्यांचा दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "ते मोहोड सरचं हाय. त्यायले लाईन नाही लागत."

सर बुटके होते. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, डोक्याला भरपूर तेल आणि खिशात पेनाच्या जागी पिवळं फडकं. वर्गात आले की आधी आमच्याकडे पाहायचे नाहीत. बाराही डब्यांना एकेक करून हाताची उलटी बाजू लावायचे, पोराचा ताप बघावा तशी. मग फडक्याने पुसायचे. ते झालं की आमच्याकडे वळून म्हणायचे, "हं, लावा बोटं."

त्यांच्या वर्गात छताला दोन पंखे होते, ते शोभेला. इन्व्हर्टरवर डब्यांखेरीज काही लागणार नाही असा नियम होता. अचलपूर-परतवाड्याचा मे महिना काय असतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही ओढण्या ओल्या करून डोक्यावर घ्यायचो. एकदा काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, घरातून वर आल्या आणि म्हणाल्या, "आवं, पोरी भाजून राहिल्या. एक पंखा तरी लावा." सरांनी डब्याकडे बोट दाखवलं. "याले पंखा लागत नाही, तर आपल्याले काहून लागते?" काकू म्हणाल्या, "त्याले जीव नाही, आपल्याले हाय."  पण पंखा काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यात थंड पाण्याचा रांजण आणि त्याला ओलं पोतं गुंडाळून ठेवलं. एवढीच त्यांची माघार.

मशिनी खरोखर हळू होत्या. मराठी अक्षरं तर फारच. आपण ओळ टाईप करून पुढच्या ओळीवर गेलो तरी पडद्यावर मागची ओळ अजून एकेक अक्षर उमटत असायची. नवी पोरगी आली की घाबरायची. एकच अक्षर चार चारदा दाबायची, मग चारही अक्षरं येऊन उभी राहायची आणि तिला रडू यायचं. सर तिच्या मागे येऊन उभे राहायचे.

"पडद्याकडं काहून पाहून राहिली? तो मागून येते. तू कागद पाह्य."

"पण सर, आलंच नाही ते."

"येईन. तू बराबर दाबलं असन तर बराबरच येईन."

तरी ती पाहायची. मग सर मॉनिटरचं बटण बंद करून टाकायचे. पंधरा मिनिटं काळ्या पडद्यासमोर टाईप करायचं आणि मग चालू करून किती चुका ते पाहायचं. या छळाने आमच्या बोटांना असं काही वळण लागलं की सांगता येत नाही. मी आजही टाईप करताना समोरच्याशी बोलत असते. माझ्या ऑफिसातल्या लोकांना ते नवल वाटतं. मला त्यात आता नवल वाटत नाही, थोडी लाज वाटते, आणि ती का ते पुढे येईलच.

त्यांचा दुसरा नियम प्रोग्रॅम उघडायचा. डबा एकेक प्रोग्रॅम उघडायला मिनिट मिनिट घ्यायचा. तेवढ्यात कोणी पुन्हा माउस दाबला की तो बिचारा पहिलं सोडून दुसरं उघडायला घ्यायचा, मग तिसरं, आणि शेवटी सगळंच ठप्प. मग बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून गत्यंतर नसायचं. म्हणून सरांनी सवयच लावली होती. एकदा दाबायचं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचं. कोणी हात उचलला की ते लांबूनच म्हणायचे, "मांडीवर." बारा पोरी मांडीवर हात ठेवून पडद्यासमोर गुमान बसल्या आहेत, हे दृश्य बाहेरून पाहणाऱ्याला देवळातलं वाटलं असतं. उघडला की डबा चालायचा मात्र छान. कधी मधेच बंद पडलेला मला आठवत नाही.

आम्ही बहुतेक जणी खेड्यांवरच्या. माझं गाव चांदूर बाजारच्या रस्त्याला. वडिलांनी मला घराबाहेर शिकायला सोडलं ते एकाच अटीवर, अचलपूरच्या पुढे जायचं नाही. क्लास अचलपुरात आणि परीक्षेचं केंद्रही सरांच्या क्लासातच, म्हणून माझं निभावलं. ती परीक्षा अमरावतीला असती तर मी आज कुठल्या घरात, कुठल्या चुलीपुढे असते ते मला पक्कं ठाऊक आहे. सरांनाही ते ठाऊक होतं. केंद्राचं पत्र त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला लावलं होतं. पोरीला घेऊन बाप आला की आधी त्याला ते दाखवायचे. "हे पाहा भाऊ. शिकनं इथं, परीक्षा इथं. अमरावतीले जाचं काम नाही." मग फीचं बोलायचे, आणि तेही घाईने, विषय आवडत नसल्यासारखं.

मी पास झाले. मग अमरावतीला, परीक्षांची कामं घेणाऱ्या एका एजन्सीत तांत्रिक सहायक म्हणून लागले. तोपर्यंत नोकरीचं म्हटल्यावर वडिलांचीही अट सैल झाली होती.

इकडे काळ बदलला होता. लोडशेडिंग कमी झालं. शेजारीच परतवाड्याला एक नवा क्लास उघडला, एसीचा, नव्या मशिनींचा. सरांकडचे मुलगे तिकडे गेले. मुली राहिल्या, कारण सरांकडे केंद्र होतं. मशिनी दुरुस्त करायला अमरावतीहून अशफाकभाई यायचे. मी एकदा सुट्टीत सरांना भेटायला गेले होते तेव्हा ते बसलेले होते. ते सरांना म्हणत होते, "सर, आजकल सब नाम देखते. मैं क्या करता, कॉम्प्युटर की माहिती में इस प्रोसेसर का नाम बदल देता. नया वाला दिखेगा. दो मिनट का काम." या धंद्यात असं सर्रास चालायचं.

सर हसले. "नाव बदलून धावते काय तो?"

"धावणार नाही. लेकिन पूछेगा कौन?"

"मीच इचारीन ना," सर म्हणाले आणि फडकं काढून पुसायला लागले. अशफाकभाईंनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

त्याच वर्षी केंद्रांच्या तपासणीचं काम आमच्या एजन्सीला मिळालं. मला लागून तीन महिने झाले होते. माझे साहेब नागपूरचे, हुशार, आणि सतत घाईत. यादीत अचलपूरचं नाव वाचलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं की मी तिथली विद्यार्थिनी. फॉर्मवर एक रकाना होता, केंद्रचालकाशी नातं आहे का. मी 'नाही' लिहिलं. शिक्षक काही नातेवाईक नसतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आम्ही गेलो तेव्हा सर दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात फडकं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि एका नजरेत त्यांनी सगळं ओळखलं असावं. साहेबांना नमस्कार करून मलाही त्यांनी हात जोडले. "या मॅडम," म्हणाले. मला 'वर्षे' म्हणून हाक मारणारा माणूस मला हात जोडत होता आणि मी नुसती मान हलवली.

आत बाराही डबे पुसून ठेवलेले. भिंतीशी एक सावळी, उंच मुलगी उभी होती. सर म्हणाले, "ही भारती. हिचा स्पीड पाहा साहेब, मशीन हळू असन, पण काम कसं होते ते दिसन तुमाले." त्या वर्षी तेवीस मुलींनी फॉर्म भरले होते आणि भारती त्यांच्यात पहिली येणारी होती. तिचे वडील त्या दिवशी खाली बियाण्यांच्या दुकानाशी येऊन बसले होते, केंद्र राहतं की जातं ते विचारायला. साहेब म्हणाले, मुलींना आणि केंद्रचालकांना बाहेर थांबावं लागेल, तसा नियम आहे. सर आणि भारती बाहेर गेले. गॅलरीत खिडकी होती, तिच्यापाशी उभे राहिले.

साहेबांनी पेनड्राइव्हवरून परीक्षेचा प्रोग्रॅम टाकला. तपासणीच्या कागदावर प्रोसेसरचं नाव विचारलेलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच की प्रोग्रॅम उघडतो का आणि चालतो का. साहेबांनी माउस दाबला. काही झालं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा दाबला.

काय चाललंय ते त्या क्षणी खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं. "साहेब, एकदाच दाबा आणि मिनिटभर थांबा." बोलायला एवढंच होतं. माझे स्वतःचे दोन्ही हात, मला चांगलं आठवतं, माझ्या मांडीवर होते. पण मला वाटलं, साहेब विचारतील, तुला कसं माहीत? मग रकान्यातलं 'नाही' बाहेर येईल. तीन महिन्यांची नोकरी. साहेबांनी तिसऱ्यांदा दाबलं, मग चिडून लागोपाठ चार-पाचदा. डबा थिजला. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. खिडकीकडे मी पाहिलं नाही.

साहेब उठले. बाहेर सर पुढे आले. त्यांनी मला विचारलं नाही, साहेबांनाच विचारलं, "साहेब, उघडला काय?"

"नाही हो. मशिन्स फारच जुन्या आहेत तुमच्या."

"एकडाव मले लावून दाखवू द्या. एकच डाव."

"तसं करता येत नाही. सॉरी."

सर बाजूला झाले. भारती जिन्याने खाली गेली, वडिलांना सांगायला. गाडीत साहेब म्हणाले, बिचारा चांगला माणूस वाटतो, पण आपण तरी काय करणार. मी म्हटलं, हो ना.

अहवाल मीच टाईप केला. 'संगणक प्रतिसाद देत नाहीत. केंद्राची शिफारस करता येत नाही.' कागदावर नजर ठेवून, पडद्याकडे न पाहता, एका दमात. एकही चूक निघाली नाही. मी फार वाईट वागले, एवढं त्या वेळीही मला कळत होतं. पण महिनाअखेर पगार झाला, वडिलांना पैसे पाठवले, मावशीने स्थळ आणलं आणि दिवस पुढे गेले. अचलपूरला सरांना भेटायला मी पुन्हा गेले नाही. जाणार होते, प्रत्येक दिवाळीत जाणार होते.

दोन वर्षांनी एका सकाळी अमरावतीच्या एका शाळेत परीक्षेची ड्यूटी होती. फाटकाबाहेर रिक्षांची गर्दी. त्यातून आत जाताना कंपाउंडच्या भिंतीशी पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट दिसला. सर वाळले होते. चार मुली घेऊन ते पहाटेच्या एसटीने आले होते. केंद्र गेल्यावरही क्लास चालू होता आणि ज्यांच्या घरचे हो म्हणतील त्या मुलींना ते स्वतः परीक्षेला घेऊन यायचे, स्वतः परत पोचवायचे. तेवीसच्या चार झाल्या होत्या.

मुली आत गेल्या तशी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. पाया पडले.

"वर्षे. बरी हाय ना?" ते म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत, तेवढ्यानेच माझा धीर सुटला.

"सर, त्या दिवशी मला माहीत होतं. साहेबांना सांगायला पाहिजे होतं मी. मी बोलले नाही."

"माईत हाय मले. मी खिडकीतून पाहून राहिलो होतो." त्यांनी शांतपणे सांगितलं. "मले वाटलं आता बोलते, आता बोलते."

"मला माफ करा, सर."

 रागाने नाही. एखादीचा कागद तपासून चूक कुठे आहे ते दाखवावं, तसं सर बोलले.

"मले काहून म्हनते? माहं काय गेलं? मी शिकवतो, अजून बी शिकवून राहिलो. भारतीचा स्पीड तुह्यापेक्षा जास्त होता. तिच्या बापानं अमरावतीले पाठवलं नाही. उन्हाळ्यात लगन करून देलं. म्हनाचं असन तर तिले म्हन."

आतून बेल झाली. "जा, तुही बेल झाली," ते म्हणाले, "उशीर नको करू."

मी आत गेले. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहिलं तर चारही मुलींच्या पिशव्या आणि चपला भिंतीशी ओळीने लावलेल्या होत्या. ऊन चढत होतं, सावली आखूड होत होती, आणि सर थोड्या थोड्या वेळाने उठून एकेक पिशवी सावलीत सरकवत होते. पेपर सुटून गर्दी पांगेपर्यंत मी खाली गेले नाही. गेले तेव्हा ते मुलींना घेऊन एसटीला निघून गेले होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात सर वारल्याचं कुणीतरी सांगितलं.

भारतीला कोणत्या गावी दिली, हे मी त्या दिवशी त्यांना विचारलं नाही. बेल झाल्यावरही विचारण्यापुरता वेळ होता. विचारलं असतं तर तिच्याकडे जावं लागलं असतं.